‘जरी’ आलं की ‘तरी’ येतंच, पण इंग्रजीत? वाचकांच्या शंका

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंग्रजी लिहिताना नेमकं कुठे अडतं ते कळवा. मला वाटलं होतं सगळे स्पेलिंग आणि काळ यांबद्दल विचारतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं निघाली जोडशब्दांची. म्हणजे आपली उभयान्वयी अव्ययं, इंग्रजीत ज्यांना कंजंक्शन म्हणतात ती. अँड, बट, बिकॉज, ऑल्दो, अनलेस वगैरे. एवढे छोटे शब्द पण मार्क जातात ते इथेच, आणि ऑफिसातल्या मेलमध्ये गोंधळ होतो तोही इथेच. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच दिलंय.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे, सेमी इंग्लिशला. चाचणीत मी लिहिलं, ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही वेन्ट टू स्कूल.’ सरांनी ‘बट’वर लाल गोल केला आणि मार्क कापला. पण ‘बट’ काढला तर मला ते वाक्य अर्धवटच वाटतं. असं का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तुला अर्धवट वाटतं ना, ते वाटणारच, कारण तुझा कान मराठी आहे आणि मराठीत हे शब्द जोडीनं येतात. जर म्हटलं की तर, जरी म्हटलं की तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं, जोपर्यंत-तोपर्यंत. एक आला की दुसऱ्याची आपण वाटच बघतो. उलट बोलताना आपण पहिला खाऊन टाकतो आणि दुसरा मात्र ठेवतोच. ‘तो आजारी होता तरी शाळेत गेला’, यात ‘जरी’ कुठाय? नाहीये, पण ‘तरी’ काढून बघ, वाक्य मोडतं. ‘पाऊस आला तर थांबू’ यात ‘जर’ नाही, ‘तर’ आहे. म्हणजे मराठीत सगळा भार त्या दुसऱ्या शब्दावर असतो, आणि तोच तू इंग्रजीत शोधतेस, मग हाताला ‘बट’ लागतो.

इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एक जोडशब्द पुरतो. आता वहीत वाक्य लिही आणि अंगठ्यानं अर्धं झाक. ‘ऑल्दो ही वॉज इल’ एवढंच दिसू दे. तो आजारी असूनही... मग पुढे काय? लटकतंय. आता तो भाग झाक आणि ‘ही वेन्ट टू स्कूल’ वाच. हे एकटं उभं राहतं. म्हणजे एक वाक्य मुख्य, एक त्याच्यावर टेकलेलं, झालं की काम. आता मधे ‘बट’ घालून बघ, ‘बट ही वेन्ट टू स्कूल’ हेसुद्धा मागच्या कशावर तरी टेकायला बघतं. दोघंही टेकलेले आणि उभं कोणीच नाही, म्हणून सरांनी गोल केला.

तर दोन वाटा आहेत. ‘ऑल्दो ही वॉज इल, ही वेन्ट टू स्कूल’, किंवा ‘ही वॉज इल बट ही वेन्ट टू स्कूल’. यातली कुठलीही घे, दोन्ही एकदम नको. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तेच. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वुई स्टेड ॲट होम’ हे मी बारावीच्याच काय, एमएच्या पेपरातसुद्धा वाचलंय. एक खोड.

आता तू म्हणशील की ‘इफ’बरोबर ‘देन’ चालतो तो कसा. चालतो, कारण ‘देन’ हा जोडशब्द नाही, क्रियाविशेषण आहे, त्याच्यामुळे वाक्य कुठे टेकत नाही. जुन्या पुस्तकांत ‘दो’ आणि ‘येट’ जोडीनं दिसतात तेही बरोबरच धरलं जातं, पण तू परीक्षेत त्या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न : नमस्कार ताई. मी हिंजवडीत आयटीत आहे. शाळा मराठी माध्यमाची. क्लायंटशी कॉल झाला की टीमला मेल टाकावा लागतो. मी लिहिलं, ‘ही आस्क्ड दॅट व्हेन विल यू सेन्ड द फाइल.’ लीडनं सगळ्यांसमोर सुधारलं, पण चूक काय ते सांगितलं नाही. (एक वाचक, पुणे)

सगळ्यांसमोर सुधारायचं आणि कारण सांगायचं नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. चूक एकदा समजली की परत होत नाही, नुसता लाल रंग दिसला तर माणूस लिहायचंच टाळायला लागतो.

यात गडबड केलीय ती आपल्या ‘की’नं. हा ‘की’ काय काय करतो बघा. ‘तो म्हणाला की मी येतो.’ ‘त्यानं विचारलं की तू कधी येणार?’ ‘चहा घेणार की कॉफी?’ ‘घंटा झाली की निघू.’ आणि वर ‘आहे की!’ पाच ठिकाणी एकच शब्द, आणि आपल्याला कधी अडत नाही. इंग्रजीत या पाच जागी पाच वेगळ्या गोष्टी लागतात. आपण शाळेत ‘की म्हणजे दॅट’ एवढंच पाठ केलं, म्हणून जिथे ‘की’ दिसला तिथे ‘दॅट’ चिकटवला.

‘दॅट’ फक्त सांगितलेल्या गोष्टीला लागतो. ‘ही सेड दॅट द फाइल वॉज रेडी.’ प्रश्न विचारला असेल तर ‘दॅट’ येतच नाही. प्रश्नात केव्हा, कुठे, का, कोण असा शब्द असेल तर तोच जोडशब्दाचं काम करतो, त्याला मदतनीस नको. आणि हो-नाही असा प्रश्न असेल, म्हणजे आपल्याकडे शेवटी ‘का’ येतो तसा, तर तिथे ‘इफ’ किंवा ‘वेदर’ लागतो. ‘फाइल पाठवली का असं त्यानं विचारलं’ म्हणजे ‘ही आस्क्ड इफ आय हॅड सेन्ट द फाइल’.

दुसरी चूक शब्दांच्या क्रमाची. मराठीत आपण त्या माणसाचा प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवतो, ‘त्यानं विचारलं की तू फाइल कधी पाठवणार’, यात ‘तू’सुद्धा तसाच राहतो आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत प्रश्न वाक्यात बसवला की तो प्रश्न राहत नाही, साध्या विधानाचा क्रम येतो, ‘यू’चा ‘आय’ होतो आणि ‘विल’चा ‘वुड’. म्हणून ‘ही आस्क्ड व्हेन आय वुड सेन्ड द फाइल’. तुमच्या वाक्यात ‘व्हेन’नंतर ‘विल यू’ आलं, ते त्या क्लायंटचं कॉलवरचं बोलणं आहे, ते मेलमध्ये तसंच आलं.

‘इफ’ घ्यायचा की ‘वेदर’ हा पुढचा प्रश्न येणारच. बोलताना दोन्ही चालतात. पण ‘टू’च्या आधी ‘वेदर’च, जसं ‘वेदर टू गो’, आणि ‘अबाउट’सारख्या शब्दाच्या नंतरही ‘वेदर’च. ऑफिसात शंका आली तर ‘वेदर’ लिहा, चुकत नाही.

प्रश्न : मी निवृत्त कारकून, वय ७४. आमच्या वेळी ‘अँड’ किंवा ‘बट’नं वाक्य सुरू केलं की हातावर छडी बसायची. ‘बिकॉज’ तर बंदच. आता नातवाच्या पुस्तकात सर्रास दिसतं. नियम बदलला का? (एक आजोबा, सांगली)

काका, नियम बदलला नाही, तो तसा नियम कधी नव्हताच. १६११ साली बायबलचं जे इंग्रजी भाषांतर झालं त्याचा पहिलाच अध्याय उघडा, ओळीमागून ओळ ‘अँड’नं सुरू होते. चांगले लिहिणारे लोक तेव्हापासून आजवर असं लिहीत आलेत.

तुमच्या गुरुजींनी छडी मारली त्यामागचं कारण मात्र मला कळतं. मुलं गोष्ट लिहिताना ‘अँड देन, अँड देन’ करत पान भरतात, ते तोडायला सोपा उपाय म्हणजे बंदी. ‘बिकॉज’चंही तसंच. धड्याखाली प्रश्न असतो, राजा का रडला, आणि मुलगा लिहितो, ‘बिकॉज हिज सन वॉज लॉस्ट.’ आणि पुढे पूर्णविराम. हे टेकलेलं वाक्य एकटंच उभं केलंय, म्हणून ते चूक, ‘बिकॉज’ पहिला आला म्हणून नव्हे. ‘बिकॉज हिज सन वॉज लॉस्ट, द किंग वेप्ट’ हे अगदी स्वच्छ वाक्य आहे. छडीनं एवढा फरक कसा सांगणार.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मराठीत प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक पाठ केलं होतं तसंच हे आहे का. तसंच आहे. अँड-बट-ऑर हे आपले आणि-पण-किंवा, दोन्ही वाक्यं बरोबरीची. बिकॉज-इफ-ऑल्दो हे गौणत्वबोधक, एक वाक्य वरचं आणि एक खालचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं, त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती, त्यामुळे हे साम्य तुम्हाला दिसतंय ते उगाच नाही.

प्रश्न : ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल.’ हे चूक कसं? (बारावीचा विद्यार्थी, नाशिक)

‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. वर ‘डोन्ट’ घातलास की दोन नाही झाले आणि अर्थ उलटा फिरला. ‘अनलेस’ला मराठीत ‘शिवाय’ धर, ‘अभ्यास केल्याशिवाय’, मग हात आपोआप ‘डोन्ट’कडे जाणार नाही. ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल.’

याचाच भाऊ ‘अनटिल’, आणि तो जास्त फसवतो कारण तिथे मराठीत खरोखर ‘नाही’ असतं. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ असं आपण रोज म्हणतो, घरोघरी म्हणतात. ते तसंच्या तसं उतरवलं की ‘वेट अनटिल आय डोन्ट कम’ होतं. ते ‘नाही’ मराठीची लकब आहे, इंग्रजीत ते नकोच, ‘वेट अनटिल आय कम’. आणि ‘आय विल कम’ही नको, अनलेस, अनटिल आणि ‘जर’-‘जेव्हा’ या अर्थाचे इफ-व्हेन यांच्यानंतर भविष्याची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ लागतो.

‘डू ॲज डायरेक्टेड’मधल्या ‘नो सूनर’बद्दलही विचारलंयस. ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ला ‘व्हेन’. ‘सूनर’मध्ये तुलना आहे म्हणून ‘दॅन’, एवढं लक्षात ठेवलं की घोकावं लागत नाही. आणि वाक्य ‘नो सूनर’नं सुरू झालं की क्रम उलटतो, ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’. ‘डिड’ आला म्हणून ‘रँग’चा ‘रिंग’ होतो, हे मुलं हमखास विसरतात.

प्रश्न : मी लॉ करतेय. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? एक प्राध्यापक द्या म्हणतात, दुसरे नको म्हणतात. एवढा फरक पडतो का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

तू लॉ करतेयस म्हणून तुला एक केसच सांगते, माझी फार आवडती आहे.

अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात पोर्टलंडला ओकहर्स्ट नावाची डेअरी. तिथल्या दुधाच्या गाड्या चालवणाऱ्या ड्रायव्हर लोकांनी दावा लावला की आम्हाला ओव्हरटाइम मिळत नाही. त्या राज्याच्या कायद्यात आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं की दीडपट पैसे, पण काही कामांना यातून सूट होती, म्हणजे त्या कामांना ओव्हरटाइम द्यायचं बंधन नाही. त्या कामांची यादी अशी होती : ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’, आणि पुढे कशाचं तर शेतमाल, मांस-मासे, नाशवंत खाद्यपदार्थ यांचं.

आता शेवटचे शब्द परत वाच. ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’च्या पुढे स्वल्पविराम नाही. मग हा ‘ऑर’ कुणाला कुणाशी जोडतो? तो पूर्ण यादीतलं शेवटचं काम जोडत असेल तर ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणजे वाटप हे वेगळं काम झालं, ड्रायव्हर वाटपच करतात, म्हणजे ते सूटवाल्या यादीत गेले आणि ओव्हरटाइम बुडाला. तो फक्त ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ एवढ्या दोघांनाच जोडत असेल तर काम एकच, पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वाटपासाठी. आणि ड्रायव्हर काही पॅकिंग करत नाहीत.

दोन्ही बाजूंनी काय युक्तिवाद केले ते वाचताना मला वर्गात बसल्यासारखं वाटलं होतं. कंपनी म्हणाली, यादीत शेवटच्या गोष्टीच्या आधी जोडशब्द असावाच लागतो. ‘पॅकिंग’च्या आधी ‘ऑर’ नाही, म्हणजे ‘पॅकिंग’ शेवटचं नाही, शेवटचं ‘डिस्ट्रिब्यूशन’च. मुद्दा वजनदार आहे. ड्रायव्हर म्हणाले, यादीतलं प्रत्येक काम बघा, सगळ्यांच्या शेवटी ‘इंग’ आहे. ‘डिस्ट्रिब्यूशन’ला नाही, ‘शिपमेंट’लाही नाही, म्हणजे ते दोघं एकमेकांच्या जोडीचे, आणि दोघंही त्या ‘फॉर’च्या ताब्यात. जोडशब्द एका जातीच्या गोष्टी जोडतो हे आपण दहावीत शिकवतो तेच हे.

खालचं कोर्ट कंपनीच्या बाजूनं गेलं. २०१७ साली अपिलाच्या कोर्टानं ते फिरवलं. त्यांनी असं नाही म्हटलं की ड्रायव्हरांचंच व्याकरण बरोबर, त्यांनी म्हटलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि कामगारांच्या संरक्षणाचा कायदा संदिग्ध असेल तर तो कामगारांच्या बाजूनं वाचायचा. २०१८ मध्ये कंपनीनं ५० लाख डॉलरला तडजोड केली. आणि गंमत बघ, त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या मार्गदर्शिकेतच असा स्वल्पविराम देऊ नका म्हणून लिहिलेलं होतं. नंतर त्यांनी कायद्याचं ते वाक्य दुरुस्त केलं, प्रत्येक कामाच्या मधे अर्धविराम टाकले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ केलं.

तेव्हा तुझे दोन्ही प्राध्यापक आपापल्या जागी बरोबर आहेत, अमेरिकेत पुस्तकं छापणारे बहुतेक देतात, वर्तमानपत्रवाले बहुतेक देत नाहीत. तू मात्र करार लिहिणार आहेस, तू दे. आणि नुसता देऊन थांबू नकोस, जोडशब्दाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे शब्द आहेत का हे बोट ठेवून बघ.

प्रश्न : ‘हाउएव्हर’ आणि ‘बट’ एकच ना? (एक पत्रकार, छत्रपती संभाजीनगर)

अर्थ एक, जात वेगळी. इंग्रजीतले बरोबरीवाले जोडशब्द मोजून सात धरतात, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. पहिली इंग्रजी अक्षरं घेतली की ‘फॅनबॉइज’ होतं. ‘हाउएव्हर’ त्यात नाही, ते क्रियाविशेषण. म्हणून दोन वाक्यांच्या मधे स्वल्पविराम देऊन ‘हाउएव्हर’ टाकला तर चालत नाही, त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘देअरफोर’चंही तेच.

प्रश्न : ताई, मी घरीच असते, मुलाबरोबर स्पोकन इंग्लिश शिकतेय. मला वाक्यं येतात पण सारखं ‘आफ्टर दॅट, आफ्टर दॅट’ होतं. मुलगा हसतो. (एक गृहिणी, कोल्हापूर)

त्याला म्हणावं हसू नकोस, आईनं अडचण अगदी बरोबर जागी पकडलीय.

तुम्ही मराठीत सकाळ सांगा बघू. ‘मी उठून, आंघोळ करून, डबा भरून, मुलाला शाळेत सोडून भाजी घेऊन आले.’ पाच कामं झाली आणि जोडशब्द एकही नाही! ते ‘ऊन’ आहे ना, उठून-करून-भरून, त्यानंच सगळं ओवलं. मराठीत आपण ‘आणि’ फार कमी वापरतो, कारण गरजच पडत नाही. पाऊस असल्यामुळे, तो आल्यावर, जेवत असताना, हे सगळं क्रियापदाच्या शेपटातच होतं. इंग्रजीत ते शेपूट नाही, तिथे बाहेरून शब्द आणून जोडावं लागतं. ‘ऊन’ दिसला की तुम्ही त्या जागी ‘आफ्टर दॅट’ ठेवता, कारण अर्थ तोच आहे, त्यानंतर.

उपाय सोपा आहे. सगळी कामं एकामागोमाग एकाच काळात मांडा, मधे स्वल्पविराम, आणि ‘अँड’ फक्त शेवटच्या कामाच्या आधी. ‘आय गॉट अप, टुक अ बाथ, पॅक्ड द टिफिन, ड्रॉप्ड माय सन ॲट स्कूल, अँड बॉट सम व्हेजिटेबल्स.’ ‘आय’ एकदाच. बघा, ‘आफ्टर दॅट’ कुठे लागलाच नाही.

आणि रोज जे केलं तेच सांगा, नवीन वाक्यं शोधत बसू नका. आज रात्री जेवणं झाली की मुलाला दिवसभराचं सांगा, त्यानं फक्त ‘अँड’ मोजायचे.